दोर न सोडता : स्लिंग आणि कॅराबिनर यांचा इतिहास

कॅराबिनर येण्यापूर्वी कड्यावर चढणाऱ्या माणसाला स्वतःला सुरक्षित करण्यासाठी आधी सुरक्षितता सोडावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्प्समध्ये आणि ब्रिटनमध्ये तागाचा दोर थेट कमरेला बांधून चढत. पुढे चढणारा, म्हणजे लीडर, घसरला तर त्याच्या आणि साथीदाराच्या मधला दोर कुठेतरी अडकणे आवश्यक असे. नाहीतर दोघेही जात. खडकाचे एखादे शिंग बाहेर आलेले असेल तर दोर त्याच्यामागे टाकून भागे. पण भेगेत रुतलेल्या दगडाच्या मागून किंवा ठोकलेल्या मेखेच्या कडीतून दोर न्यायचा तर कमरेची गाठ सोडायची, टोक आतून ओवायचे आणि पुन्हा कमरेला बांधायचे, एवढाच मार्ग होता. एका हाताने खडक धरून, दुसऱ्या हाताने आणि दातांनी हे काम चाले. त्या दोनचार मिनिटांत चढणारा कशालाच बांधलेला नसे.

दोरावर त्या काळी फारसा विश्वासही नव्हता, आणि तो नसणे रास्तच होते. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्नच्या पहिल्या चढाईनंतर उतरताना सातपैकी चौघे कोसळले, तेव्हा त्यांच्या आणि मागच्या तिघांच्या मधला दोर तुटला. नेलेल्या दोरांपैकी तो सर्वांत कमजोर होता. लीडरने पडायचेच नाही, हा नियम पुढे कितीतरी वर्षे शिकवला गेला. त्याला शौर्याचे रूप दिले गेले, तरी त्यामागे साधनांची ही दुबळी अवस्था होती.

गाठ सोडण्याच्या धोक्यावर पहिला तोडगा अगदी घरगुती होता. दोरीचा हातभर तुकडा घ्यायचा, तो मेखेच्या कडीतून किंवा अडकलेल्या दगडामागून ओवायचा आणि मुख्य दोराभोवती वळसा घेऊन गाठ मारायची. हीच स्लिंगची सुरुवात. कमरेची गाठ सुटत नसे, पण दोर दोरीवर घासे, आणि दरवेळी नवी गाठ मारण्यात वेळ जाई. स्लिंगला जोडीदार हवा होता: एका हाताने उघडेल, दोर आत घेईल आणि आपोआप मिटेल अशी कडी.

ती कडी आली आगीच्या बंबावरून. म्युनिकचा ओटो हर्त्सोग हा आरोहक मित्रमंडळींत ‘रांबो’ या नावाने ओळखला जाई. अग्निशामक दलाचे जवान कमरपट्ट्याला पेअरच्या आकाराची, स्प्रिंगच्या फाटकाची कडी लावतात, हे पाहून १९१० च्या सुमारास त्याने ती कड्यावर नेली. कडी मुळात घोडदळातली. घोडेस्वाराची आखूड बंदूक, म्हणजे कार्बाईन, खांद्यावरच्या पट्ट्याला ज्याने अडकवत तो आकडा जर्मनमध्ये ‘काराबिनरहाकन’. आकडा गळून पडला आणि ‘कॅराबिनर’ उरला. त्याच सुमारास टिरोलचा हान्स फीश्ट्ल याने मेखेच्या डोक्यालाच छिद्र ठेवले. आधीच्या मेखांना सुटी कडी जोडलेली असे, ती खटकन निखळायची. छिद्राची मेख, त्यात कॅराबिनर आणि कॅराबिनरमधून सरकता दोर ही साखळी जुळली, आणि हान्स ड्युल्फर याने १९१२ मध्ये फ्लाइशबांकच्या पूर्व भिंतीवर तिच्या जोरावर काय करता येते ते दाखवून दिले. ड्युल्फर १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याचे वय तेव्हा तेवीस होते.

ही साधने सगळ्यांना पसंत पडली असे मुळीच नाही. ऑस्ट्रियाचा पाउल प्रॉइस १९११ मध्ये जाहीरपणे म्हणू लागला, की मेख हा आणीबाणीचा उपाय आहे, चढाईची पद्धत नव्हे; ज्या वाटेने साधनांशिवाय उतरता येत नाही त्या वाटेने चढू नये. जर्मन गिर्यारोहणाच्या नियतकालिकांत या प्रश्नावर मोठा वाद झडला. १९१३ मध्ये एकट्याने, दोराशिवाय चढताना प्रॉइस पडून गेला. त्यावरून त्याचे म्हणणे चूक ठरवण्याचा मोह पुष्कळांना झाला. पण ‘कमीत कमी साधने’ हा त्याचा आग्रह ट्रॅड चढाईच्या मुळाशी आजही आहे. लीडरने चढताना स्वतः आधार बसवायचे, मागून येणाऱ्याने ते काढून घ्यायचे आणि खडक होता तसा मागे ठेवायचा, ही ट्रॅडची व्याख्या प्रॉइसला बहुधा अर्धीच मान्य झाली असती.

कडीची मर्यादा जगाला कळली ती आल्प्समधल्या आयगर शिखरावर. जुलै १९३६ मध्ये उत्तर भिंतीवर अडकलेल्या चौघांपैकी टोनी कुर्त्स हा एकटा जिवंत उरला होता. वाचवायला आलेल्या वाटाड्यांनी वर पाठवलेला दोर अपुरा पडला, म्हणून दोन दोर गाठ मारून जोडले. कुर्त्स त्यावरून उतरत आला आणि मधली गाठ त्याच्या कॅराबिनरपाशी अडली. गोठलेल्या हातांनी ती पलीकडे नेणे त्याला जमले नाही. खालच्या माणसांपासून काही हातांवर लोंबकळत त्याचा जीव गेला. दोर सहज सरकणे हाच कॅराबिनरचा गुण. पण त्याच्या तोंडातून गाठ जात नाही. दोन दोर जोडून उतरताना गाठ ओलांडायची कशी याचा सराव आधी जमिनीवर करून घेतात, तो याचमुळे.

गाठ ओलांडायला जी युक्ती लागते ती तोवर छापूनही झाली होती. १९३१ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रूसिक याने बारीक दोरीच्या वेढ्याची एक गाठ प्रसिद्ध केली. मुख्य दोराभोवती ती गुंडाळली की भार पडताच आवळते आणि भार काढताच सरकते. ‘प्रूसिक’ म्हणून ती आज महाराष्ट्रातल्या प्राथमिक शिबिरांत शिकवली जाते. दोरीचे दोन वेढे आणि ही एक गाठ, एवढ्यावर दोराला लटकलेला माणूस स्वतः वर चढू शकतो. स्लिंग त्यामुळे खडकाइतकीच दोरालाही बांधण्याची वस्तू झाली.

ब्रिटनमध्ये मेखेला मान नव्हता. १९३६ मध्ये म्युनिकच्या आरोहकांनी वेल्समधल्या ट्रिफानवर मेख ठोकून एक वाट चढली, तर स्थानिक आरोहकांना ते घुसखोरीसारखे वाटले. वाटेचे नाव ‘म्युनिक क्लाइंब’ राहिले, मेख मात्र राहिली नाही. मेख नको म्हटल्यावर उरतात खडकाची शिंगे, आरपार भोके आणि भेगेत निसर्गतः अडकलेले दगड. तिथल्या आरोहकांनी स्लिंगची सगळी कला त्यांच्यावरच उभी केली. शिंगावर टाकलेली स्लिंग दोराच्या ओढीने उचलली जाऊन निसटते, म्हणून ती लांब घ्यायची. शिंगाचा माथा आत झुकलेला असेल तरच तिच्यावर भरवसा ठेवायचा. शिंग मूळ खडकाचे आहे की नुसता टेकलेला दगड, हे तळहाताने ठोकून आवाजावरून ओळखायचे. हे धडे शंभर वर्षांपूर्वी जसे होते तसेच आजही आहेत.

जिथे दगड अडकलेला नसे तिथे अडकवायचा, ही पुढची पायरी. १९२० च्या दशकात क्लोग्विन डूर आर्डू या वेल्समधल्या काळ्या कड्यावर मॉर्ली वुड याने खालून नेलेला गोटा भेगेत बसवून त्यामागून स्लिंग ओवली, असे मानले जाते. मग खिशात वेगवेगळ्या आकाराचे गोटे घेऊन चढण्याची रीत पडली. या कड्याकडे जाणारी पायवाट स्नोडनच्या डोंगरी रेल्वेच्या रुळांजवळून जाते, आणि रुळांच्या आसपास बोल्टचे नट पडलेले असत. १९५० च्या दशकात कोणीतरी ते उचलले. भेगेत ते गोट्यापेक्षा चांगले बसत, आणि मधल्या भोकातून स्लिंग आयतीच जाई. आतल्या आट्यांनी दोरी कापली जाते हे लक्षात आल्यावर त्या घासून गुळगुळीत करू लागले. १९६१ च्या सुमारास जॉन ब्रेल्सफोर्ड याने ‘एकॉर्न’ हा खास चढाईसाठीचा नट बनवला आणि रेल्वेचा भंगार माल मागे पडला. तरी ट्रॅडच्या या साधनाला आज जगभर ‘नट’ म्हणतात ते त्या रुळांमुळेच.

या प्रगतीच्या पहिल्या टप्प्यांत स्लिंगचे द्रव्य मात्र तागच होते, आणि ताग भिजला की कुजतो, बाहेरून धड दिसला तरी आतून जातो. दुसऱ्या महायुद्धाने नायलॉन आणले. ते ओढ सहन करते आणि थोडे ताणले जाऊन झटका गिळते. लीडरने पडायचे नाही हा जुना नियम सैल झाला तो नायलॉनमुळे. युद्धानंतर नायलॉनचे दोर आणि लष्कराचे पोलादी कॅराबिनर स्वस्तात मिळू लागले, आणि इंग्लंडच्या गिरण्या-कारखान्यांतली कामगार मुले कड्यांवर दिसू लागली.

नायलॉनचा एक दोष ताग वापरणाऱ्याला सुचलाही नसता. नायलॉनवर नायलॉन घासले की ते वितळते. तागाच्या काळात स्लिंगमधून थेट दोर ओवून उतरणे किंवा कोणाला खाली सोडणे चाले. नायलॉनमध्ये तसे केले तर स्थिर स्लिंगच्या एकाच जागी सगळी उष्णता साठते आणि भार असलेला दोर काही क्षणांत तिला करवतीसारखा कापतो. सरकत्या दोराच्या आणि स्लिंगच्या मध्ये नेहमी धातू हवा. नवशिक्याला सांगितल्या जाणाऱ्या नियमांत याच्याइतका महत्त्वाचा दुसरा क्वचितच असेल. कड्यावर आधीच्या तुकडीने सोडलेल्या स्लिंगमधून दोर ओढून काढलेला असला तर तिच्यावर चकाकणारा कडक चट्टा पडतो. तो दिसला की ती स्लिंग बाद.

दुसरा दोष गाठीचा. दोरीच्या जागी चपटी टेप आली. ती खडकावर लोळत नाही आणि धारेवर दोरीपेक्षा बरी टिकते. टेप जोडायची गाठ, जिला आपल्याकडे टेप नॉट म्हणतात, दिसायला निर्धास्त असते. पण भार येत-जात राहिला की टोके थोडीथोडी आत सरकतात आणि एखाद्या दिवशी गाठ नुसत्या बोटाने सुटते. म्हणून टोके किमान सातआठ सेंटिमीटर बाहेर ठेवायची आणि दर चढाईपूर्वी पाहायची. कारखान्यात दाट आडव्या टाक्यांनी शिवलेल्या स्लिंगा आल्यावर हा प्रश्न बहुतांशी मिटला. सुट्या टेपवर विणलेल्या रेघांतून तिची ताकद वाचता येते: युरोपीय मानकानुसार प्रत्येक रेघ म्हणजे ५ किलोन्यूटन. शिवलेल्या स्लिंगला किमान २२ किलोन्यूटन सहन करावे लागतात, म्हणजे साधारण २,२०० किलो वजन.

कॅराबिनरही हलके होत गेले. फ्रान्सच्या प्येर आलां याने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे कॅराबिनर केले. अमेरिकन सैन्याच्या पर्वतीय तुकड्यांसाठीही युद्धकाळात तसेच प्रयोग झाले. पोलादी कडीच्या निम्म्याहून कमी वजनात तितकेच काम होऊ लागले, तेव्हा पाचसहाऐवजी तीस-चाळीस कड्या सोबत नेता येऊ लागल्या. आकारही लंबगोलातून इंग्रजी डी अक्षरासारखा झाला, कारण त्या आकारात भार फाटकापासून दूर, भक्कम पाठीवर जातो. १९३२ मध्ये शामोनी येथे स्थापन झालेल्या ‘यूआयएए’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९६० मध्ये दोरांसाठी चाचणी ठरवली आणि मग इतर साधनांची पाळी आली. आज प्रत्येक कॅराबिनरच्या पाठीवर तीन आकडे कोरलेले असतात. लांबीत, फाटक मिटलेले: साधारण २० ते २५ किलोन्यूटन. आडवा भार: ७ ते ८. फाटक उघडे: ७ ते ९. म्हणजे फाटक उघडे राहिले किंवा कडी आडवी फिरली, की तिची ताकद एक तृतीयांशावर येते.

वरच्या आधारावर पडणारे बळ पडणाऱ्याच्या बाजूच्या बळापेक्षा जास्त असते, कारण दोराची दुसरी बाजूही खाली ओढते; घर्षण धरून ते साधारण दीडपट ते पावणेदोनपट भरते. त्यामुळे ७ किलोन्यूटन हा आकडा वाटतो तितका दूर नाही. फाटक खडकावर आपटून उघडू नये, कडी धारेवर वाकलेली पडू नये, दोर आतून बाहेर, चढणाऱ्याच्या दिशेने यावा, हे नियम या एका आकड्यातून निघतात. जिथे एका कडीवर जीव टांगलेला असतो तिथे फिरकीने बंद होणारी कडी वापरतात. ती नसेल तर दोन साध्या कड्या, फाटके विरुद्ध दिशांना ठेवून.

अमेरिकेत ही ब्रिटिश विद्या उशिरा पोचली. योसेमिटीच्या ग्रॅनाइटवर कडक पोलादी मेखा ठोकून आणि उपटून भेगा विद्रूप होऊ लागल्या होत्या. तिथला आरोहक रॉयल रॉबिन्स याने ब्रिटनमध्ये नट पाहिले आणि १९६७ मध्ये ‘नटक्रॅकर’ ही वाट लिझ रॉबिन्ससोबत एकही मेख न ठोकता चढली. १९७२ मध्ये इव्हॉन श्वीनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट यांनी आपल्या कंपनीच्या मालसूचीतच मेखांविरुद्ध लिहिले आणि डग रॉबिन्सनचा नटवरचा निबंध छापला. मेखा हीच त्यांच्या धंद्याची मुख्य मिळकत असताना. व्यापाराच्या इतिहासात अशी मालसूची विरळा.

नटने मात्र स्लिंगला नवे काम लावले. मेख कोणत्याही दिशेची ओढ सहन करते, नट फक्त खालची. लीडर पुढे गेला, दोर नागमोडी झाला, की दोराची ओढ नटला बाहेर किंवा वर खेचते. खालचा एक निसटला की त्यावरचा, मग त्यावरचा, अशी आख्खी रांग चेन उघडावी तशी उघडू शकते. त्यावर उपाय ६० सेंटिमीटरच्या स्लिंगचा. दोन कॅराबिनरमध्ये तिहेरी घडी घालून ती पट्ट्यावर लटकवायची आणि जागेवर गरजेप्रमाणे उलगडायची, म्हणजे दोर सरळ राहतो. नवखा लीडर सहसा नट वाईट बसवल्यामुळे अडचणीत येत नाही. तो चांगला बसवलेला नट आखूड जोडल्यामुळे येतो.

वरच्या मुक्कामी दोन-तीन आधार स्लिंगने एकत्र बांधून अँकर करतात. तिथे कोन पाहावा लागतो. दोन भुजांमध्ये ६० अंश असतील तर प्रत्येकीवर भाराचा ५८ टक्के हिस्सा येतो. १२० अंशांवर प्रत्येकीवर पूर्ण भार येतो आणि दोन आधार असून नसल्यासारखे होतात. स्लिंग दोन्ही आधारांतून त्रिकोणासारखी फिरवली तर स्थिती आणखी बिघडते. या मांडणीला आरोहक ‘अमेरिकन डेथ ट्रँगल’ म्हणतात.

गेल्या तीसेक वर्षांत डायनीमा या तंतूच्या स्लिंगा आल्या. बोटाएवढ्या रुंद, पिसासारख्या हलक्या आणि नायलॉनइतक्याच बळकट. पण डायनीमा जवळजवळ ताणली जात नाही, गुळगुळीत असल्याने तिच्यात गाठ नीट धरत नाही, आणि नायलॉन २०० अंशांच्या पुढे टिकते तिथे ही १५० च्या आत वितळते. अँकरला फक्त स्लिंगने बांधलेला माणूस वर सरकला आणि हातभर पडला, तर झटका गिळायला मध्ये दोर नसतो, आणि सगळा धक्का स्लिंगवर, कडीवर आणि कमरेवर येतो. म्हणून अँकरपाशी स्वतःला दोरानेच बांधायचे, आणि स्लिंग वापरलीच तर ती कायम ताणलेली ठेवायची.

साधने इतकी सुधारल्यावर अपघात साधन तुटून कमी आणि साधनाकडे न पाहिल्याने जास्त होऊ लागले. ऑक्टोबर २००६ मध्ये योसेमिटीत उतरत असताना टॉड स्किनर हा जगातल्या अव्वल आरोहकांपैकी एक मेला, कारण त्याच्या हार्नेसची, म्हणजे कमरेच्या पट्ट्याची, पुढची लूप झिजून गेली होती. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ओर्पियेर येथे बारा वर्षांचा एक मुलगा पडला. कॅराबिनर जागेवर धरण्यासाठी असलेल्या रबरातच कड्या अडकल्या होत्या, कड्या जोडणाऱ्या पट्ट्याच्या शिवलेल्या वेढ्यात नव्हे. वरून पाहिले तर सगळे ठीक दिसत होते.

त्याच्या कितीतरी आधी पेअरच्या आकाराची कडी परत आली होती. स्वित्झर्लंडच्या वेर्नर मुंटर याने १९७० च्या दशकात एका जुन्या गाठीने साथीदाराला धरण्याची पद्धत रुजवली. ती गाठ दोन्ही बाजूंना पलटण्यासाठी रुंद डोक्याची कडी लागते. हर्त्सोगने अग्निशामकांकडून उचललेला आकार तोच होता.

भारतात ही विद्या स्वित्झर्लंडमार्गे आली. १९५४ मध्ये तेनसिंग नोर्गे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे आर्नल्ड ग्लाटहार्ड याच्याकडे प्रशिक्षण घेतले, आणि त्याच वर्षी दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे शिकून आलेल्यांनी ती मुंबई-पुण्याच्या क्लबांत पोचवली. सह्याद्रीचा बेसॉल्ट मात्र आल्प्सचा चुनखडक नव्हे आणि योसेमिटीचा ग्रॅनाइटही नव्हे. लाव्हाच्या थरांवर थर, आडव्या पायऱ्या, आखूड आणि बंद भेगा, हातात येणारे सुटे दगड. वानरलिंगी असो, तैलबैला असो की लिंगाणा, इथे नट बसवायला सलग भेग क्वचित मिळते, म्हणून मेखा आणि बोल्ट यांच्यावरच वाटा उभ्या राहिल्या. स्लिंग लागते ती झाडाला, मेखेला आणि रॅपलिंगच्या अँकरला. तिथे ती चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन सोसत पडून राहते, आणि नायलॉनला उन्हातल्या अतिनील किरणांइतका मोठा शत्रू दुसरा नाही. सुळक्यांच्या माथ्यावर पांढऱ्या पडलेल्या, कडक झालेल्या टेपच्या स्लिंगा एकावर एक लोंबताना दिसतात. तीन जुन्या मिळून एक चांगली होत नाही. त्या कापून पाठपिशवीत भराव्यात, आणि उतरण्यापूर्वी आपली नवी स्लिंग व एक कडी तिथे सोडावी.